व्हॅक्यूम क्लीनरचे सुटे भाग निवडताना

ओढ कमी झाली म्हणून थेट मोटर मागवू नका. आधी प्लग काढून फिल्टर, पाइप आणि झाकणाचं रबर पाहा. पाइप काढल्यावर यंत्राच्या तोंडाशी ओढ जोरदार लागत असेल, तर मोटर ठीक आहे. अडथळा किंवा चीर पुढे पाइपमध्ये, नळीत नाहीतर जमिनीवर फिरवायच्या ब्रशमध्ये आहे.

मोटर अडखळते, मोठ्या ठिणग्या दिसतात, तेव्हा बहुधा कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे दोन तुकडे, झिजलेले असतात. दोन्ही एकदमच बदलावेत. जाडी आणि रुंदी व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या साधनाने) मोजा. ६ आणि ६.५ मिमीतला फरक नजरेला कळत नाही. जाड ब्रश होल्डरमध्ये अडकतो, पातळ हलतो आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) खराब करतो. लांबी मात्र जुन्यावरून धरू नका, ती झिजून कमी झालेली असते. कम्युटेटरवर खड्डे पडले असतील तर नवे ब्रशही लवकर संपतात. तिथे मोटर बदललेलीच बरी.

मोटरचे व्होल्ट आणि वॉट जुळणं पुरेसं नाही. एकूण उंची, पंख्याच्या डब्याचा व्यास, रबरी बैठकीची जागा, सगळं मोजा. पाणी ओढणाऱ्या यंत्रात बायपास मोटरच हवी, कारण तिला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते. साध्या मोटरमध्ये ओढलेली हवाच वाइंडिंगवरून (तारांच्या गुंडाळीवरून) जाते. ओल आत शिरली की मोटर जळते, शॉकचाही धोका असतो. इथे तडजोड नकोच.

नळ्या बऱ्याचदा ३२ किंवा ३५ मिमीच्या असतात. मागवताना माप आतलं की बाहेरचं, हे आवर्जून विचारा.