नर्सिंगचा खर्च: पहिल्या वर्षाची तजवीज कशी करावी

दर जून-जुलैत ओळखीपाळखीचे आईबाप मला शोधत वॉर्डापर्यंत येतात. मुलगी बारावी झाली, नर्सिंगला घालायचीय, खर्च किती येईल? मी १७ वर्षं स्टाफ नर्स आहे आणि घरातल्या, गावातल्या बऱ्याच मुलींचे प्रवेश सोबत उभं राहून करून दिलेत. या आईबापांना आधी कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, "मुलींना आता सगळं फुकट आहे." ही माहिती अर्धवट आहे. तिच्यावर विसंबून राहिलेल्या मुली पहिल्याच वर्षी पिशवी भरून घरी परतताना मी पाहिल्यात.

सीईटी दिली आहे, दाखले काढलेत, असं धरूनच पुढचं लिहिते.

१. कॉलेज

सरकारी मिळत असेल तर लांबचंही घ्या. खासगी असेल तर भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता, आणि बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची संलग्नता स्वतः तपासा. "फक्त परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो" असं सांगणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा. वॉर्डात न शिकलेली मुलगी उद्या कुणाच्या तरी आईला इंजेक्शन देणार आहे.

२. फी कागदावर घ्या

खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार मिळते. ती छापून सोबत न्या. बाकीचं काउंटरवर विचारून लिहून घ्या: हॉस्टेल, मेस, डिपॉझिट, गणवेश, परीक्षा फी, कॉलेजची बस. एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, तो मुद्दाम विचारा: मानसोपचाराचं पोस्टिंग, म्हणजे रुग्णालयातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण, कुठे असतं? बऱ्याच कॉलेजांच्या मुलींना त्यासाठी ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जावं लागतं. तिथे काही आठवडे राहण्या-जेवण्याचा खर्च कोण करणार, हे प्रवेशाआधीच कळलेलं बरं.

३. शिष्यवृत्ती मंजूर होणं आणि पैसे हातात येणं

खरी अडचण इथे येते.

आधी नियम. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना हा लाभ नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. आता माफ काय झालं ते पुन्हा वाचा: शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. हॉस्टेल, मेस, डिपॉझिट, गणवेश, प्रवास यातलं काहीच त्यात नाही. म्हणजे फी पूर्ण माफ झाली तरी घरातून दर महिन्याला पैसे जाणारच.

दुसरी गोष्ट वेळेची. माझ्या धाकट्या बहिणीच्या पहिल्या वर्षी आम्ही महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा, अर्ज सायबर कॅफेत भरला आणि निश्चिंत झालो. अर्जात त्रुटी निघून तो परत आला होता. पण नोंदवलेला मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा, त्यामुळे मेसेज त्याच्याकडे गेला आणि आम्हाला दोन महिने पत्ताच नाही. तोवर परीक्षा आली. कॉलेजने सांगितलं, बाकी भरा नाहीतर हॉल तिकीट मिळणार नाही. वडिलांनी महिना शेकडा तीनने पैसे उचलले. शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी आली आणि तिचा मोठा भाग व्याजातच गेला. मी स्वतः या क्षेत्रात असून हे माझ्या नजरेतून सुटलं, म्हणून इतकं सविस्तर सांगतेय.

तर अर्ज मुलीच्याच मोबाइल नंबरवरून, पोर्टल उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात भरा. भरल्यावर काम संपत नाही. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाकडे. कॉलेजच्या लॉगिनला पडून राहिलेले अर्ज मी सगळ्यात जास्त पाहिलेत. दर सोमवारी स्थिती बघा. पंधरा दिवस हलला नाही तर कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या क्लार्कसमोर जाऊन उभं राहा, नम्रपणे, पण तिथून लवकर हलू नका. आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं. दुसऱ्या वर्षी ते विसरणाऱ्या मुली खूप आहेत.

मग खातं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही पासबुक दिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आमच्या गावातली एक मुलगी चार महिने रोज नवं पासबुक भरून बघायची, पैसे नाहीत. शेवटी मी तिला पाचवीत असताना शाळेने काढून दिलेलं जुनं खातं आठवायला लावलं. त्या बँकेत गेलो, यंत्रातून पासबुक टरटरत बाहेर आलं आणि शेवटच्या ओळीत सगळी रक्कम उभी. तोवर तिच्या आईने कानातलं मोडलं होतं. आधार सध्या कोणत्या बँकेला जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत कळतं. प्रवेशाआधी बघा.

काही योजनांत कॉलेजची फीसुद्धा मुलीच्या खात्यात येते. ते पैसे कॉलेजचे आहेत. बियाण्याला, दवाखान्याला, कशालाही हात लावू नका. आल्या आठवड्यात भरून पावती घ्या.

आता तजवीज. माझा नियम असा, आणि मी तो कुणासाठी सैल करत नाही: शिष्यवृत्ती हिशेबात धरायचीच नाही आणि पहिल्या सहा महिन्यांचं हॉस्टेल, मेस, डिपॉझिट, गणवेश आणि फीचा पहिला हप्ता हाताशी हवा. तेवढं जमत नसेल तर सावकाराकडे जायच्या आधी शैक्षणिक कर्जाचा अर्ज करा, तोही प्रवेशपत्र हातात आल्याबरोबर. बँकांच्या नेहमीच्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार होतात, आणि परतफेडीचे हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात. मंजूर झालेलं सगळं उचलावं लागत नाही, लागेल तशी रक्कम टप्प्याटप्प्याने घेता येते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, म्हणून गरजेपुरतंच उचला.

कॉलेजकडे फीच्या हप्त्यांची मागणी लेखी करा आणि आपल्या प्रतीवर पोचशिक्का घ्या. मूळ गुणपत्रिका आणि दाखले तपासायला द्या, ठेवायला देऊ नका. बाकीसाठी मूळ कागद अडवून धरलेल्या मुलीला दुसरीकडे जाताही येत नाही.

४. सामान

पांढरे बूट दोन जोड, सेकंद काटा असलेलं घड्याळ, साधा स्टेथोस्कोप. पुस्तकं सीनियरकडून घ्या. फाइल, चार्टपेपर आणि रेकॉर्ड बुकांना दर महिन्याला थोडे पैसे लागतातच. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे.

५. लस

हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ) ची लस प्रवेशाची वाट न बघता सुरू करा. तीन डोस असतात: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. कॉलेज सुरू झाल्यावर पहिला डोस घेतलात तर वॉर्डात सुया हाताळायला लागाल तेव्हा संरक्षण अर्धवट असेल. तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांत अँटीबॉडीची तपासणी करून घ्या, आकडा १० किंवा वर हवा. माझ्या बॅचमधल्या एका मुलीला पहिल्याच वर्षी वापरलेली सुई टोचली आणि तिचा एकही डोस झालेला नव्हता. पुढच्या तपासण्या होईपर्यंत तिचे दिवस कसे गेले ते मी शेजारच्या खाटेवरून पाहिलंय.

६. हजेरी आणि अंग

बीएस्सीला परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रॅक्टिकलची ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी प्रत्येक क्लिनिकल विभागाची १०० टक्के. म्हणजे लग्नकार्याला, जत्रेला, कापणीला चुकवलेली प्रत्येक ड्यूटी नंतर भरून द्यावी लागते, बहुतेक वेळा सुट्टीत, जेव्हा मेस बंद असते आणि बाहेरचं जेवण खिशातून. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेचा आराखडा) लिहिणं, असा दिवस असतो. पहिले तीन आठवडे पोटऱ्या दुखून झोप लागत नाही. आत्तापासून रोज तासभर चाला. आणि नाश्ता न करता वॉर्डात जायचं नाही. पहिल्या ड्रेसिंगला चक्कर येऊन पडलेल्या जेवढ्या मुली मी उचलल्यात, त्यातल्या बहुतेकींच्या पोटात नुसता चहा होता.