दालमिलचा काटा आणि मुंबईतला सर्व्हर

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलचं काम मला मिळालं तेव्हा मी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो. शेठ म्हणाले, "सगळं क्लाउडवर टाक, पुण्याच्या पाहुण्यांनी तसंच केलंय." क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधला, नेटवरून वापरायचा भाड्याचा कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर. मी टाकलं. सगळं. भुईकाट्याचा प्रोग्रामसुद्धा.

तुरीचा हंगाम होता, फेब्रुवारीतली सकाळ. रस्त्याच्या कामात जेसीबीने इंटरनेटची फायबर केबल तोडली आणि दिवाणजींचा फोन आला. ते अमळनेरकडचे. "भाऊ, गाड्या उभ्या शेतस!" जाऊन पाहतो तर गेटपासून रस्त्यापर्यंत ट्रकची रांग. काट्याच्या खोलीतला डिस्प्ले वजन बरोबर दाखवत होता, प्रिंटर त्याच टेबलावर होता, पण पावती निघेना. पावती बनवणारा प्रोग्राम मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये! काट्याचा आकडा हातभर अंतरावरच्या प्रिंटरपर्यंत पोचायला मुंबईला जाऊन येत होता. शेवटी दिवाणजींनी ड्रॉवरमधून कार्बनचं पावतीपुस्तक काढलं आणि माझ्याकडे न बघता लिहायला बसले.

चूक हॉस्टिंग कंपनीची नव्हती, माझी होती. काटा कॉम्प्युटरला सिरियल केबलने जोडलेला असतो. तो भाग तिथल्याच पीसीवर, तिथल्याच डेटाबेसवर ठेवायचा आणि लाइन आली की नोंदी वर पाठवायच्या. आता तसंच आहे. म्हणून नवीन मुलांना मी आधी सांगतो, कोणत्या कंपनीचा क्लाउड हे नंतर बघ, नेट गेल्यावर कोणतं काम थांबून चालणार नाही ते विचार. आणि हे शेठला विचारू नकोस, काट्यावर बसणाऱ्याला विचार.

उरलेल्यात निवड तशी अवघड नाही. रावेर-सावद्याकडच्या केळीच्या व्यापाऱ्याला तिघांनी मोबाइलवर भाव आणि गाड्या टाकायच्या असतील, तर त्याला सर्व्हर विकू नकोस. महिन्याला माणशी पैसे घेणारं तयार सॉफ्टवेअर घेऊन दे आणि मोकळा हो. नुसती वेबसाइट असेल तर शेअर्ड हॉस्टिंग पुरतं, पण त्यावर धंद्याचा हिशोब ठेवू नये. एकाच मशीनवर शेकडो गिऱ्हाइकं असतात, शेजाऱ्याने गोंधळ घातला की आपणही मंदावतो. स्वतःचा छोटा प्रोग्राम आणि डेटाबेस असेल तर व्हीपीएस, म्हणजे मोठ्या मशीनचा आपल्यापुरता राखलेला हिस्सा. महिन्याचं बिल ठरलेलं असतं, आणि आपल्याकडच्या व्यापाऱ्याला ठरलेलं बिल फार आवडतं. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्टचं ॲझ्युर, गूगल यांच्या क्लाउडकडे तेव्हा जा, जेव्हा काम कमी-जास्त होतं किंवा मशीन बंद ठेवून पैसे वाचवायचे आहेत. तिथे मशीन चालेल तेवढ्या वेळाचंच भाडं लागतं. महिन्याचे ७२० तास. सकाळी ९ ते रात्री ९, २६ दिवस मशीन चालवलं तर ३१२. मशीनचं भाडं निम्म्याहून कमी होतं. डिस्कचं भाडं मात्र मशीन बंद असतानाही चालूच राहतं. पहिल्या बिलाला हेच कळत नाही.

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर जरा थांबतो, कारण खान्देशातली निम्मी चौकशी तीच असते. टॅलीप्राइम विंडोजवर चालणारा प्रोग्राम आहे, त्यामुळे क्लाउडवर विंडोज सर्व्हर घेऊन रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे त्या सर्व्हरचा पडदा आपल्या कॉम्प्युटरवर उघडून, आत जावं लागतं. विंडोज सर्व्हर दोनच जणांना, तेही देखभालीपुरतं, एका वेळी आत घेतो. पाच जण बसवायचे तर रिमोट डेस्कटॉपची परवानगी माणशी किंवा मशीनमागे वेगळी विकत घ्यावी लागते. टॅलीचं एकाहून जास्त जणांचं लायसन्स वेगळं. कोटेशनमध्ये हे विसरलास तर फरक तुझ्या खिशातून जातो. माझ्या गेला. आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर गिऱ्हाइकाच्या टेबलावर प्रत्यक्ष चालवून बघितल्याशिवाय होकार देऊ नकोस. आपल्या घरच्या लेझरवर छान छापतं, तिथे बिल्टीच्या ओळी अर्धा इंच खाली सरकतात.

दुसरा खड्डा स्वस्त मशीनचा. काही छोट्या मशीनना पूर्ण ताकद कायम मिळत नाही, क्रेडिट मिळतं. एक क्रेडिट म्हणजे एक सीपीयू पूर्ण जोरात एक मिनिट. आमच्या मशीनला तासाला १२ मिळायची. रात्रभर साठायची, सकाळी सगळं पळायचं, आणि महिनाअखेरीला स्टॉकचे रिपोर्ट सुरू झाले की दुपारपर्यंत शिल्लक शून्य. मग स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहायचं. मी आठवडाभर नेटला शिव्या दिल्या. शेवटी क्रेडिटचा आलेख उघडला, तर तो जिन्यासारखा खाली उतरलेला. चाचणीला असं मशीन उत्तम. रोज चार-पाच तास सलग काम असेल तिथे नको.

सर्व्हर कुठल्या शहरातला घ्यायचा हा प्रश्न सोपा झालाय. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६पासून आहे, गूगलचं २०१७पासून, ॲझ्युरचं पुण्यातही आहे. परदेशातला स्वस्त सर्व्हर दिसला तरी गिऱ्हाईक प्रायव्हेट लिमिटेड आहे का ते आधी विचार. कंपनी कायद्याच्या नियमांतल्या ऑगस्ट २०२२च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या हिशोबवह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. तिच्या सीएला एक फोन कर, दहा मिनिटांचं काम.

बॅकअप म्हणजे नुसती फाइल नाही, ती परत उघडली पाहिजे, हे मला उशिरा कळलं. आता दर तीन महिन्यांनी मी वेगळं मशीन भाड्याने घेतो, आदल्या रात्रीचा बॅकअप त्यावर चढवतो आणि दिवाणजींना शेजारी बसवून कालची शेवटची काटा पावती शोधायला लावतो. मागच्या वेळी पावती सापडेपर्यंत पन्नास मिनिटं लागली. शेठला तोच आकडा लिहून दिला: सर्व्हर गेला, तर पन्नास मिनिटं. ते म्हणाले, "चालेल. पण काटा?" काटा चालू राहील, म्हटलं.