फळ्यासमोरच्या बाकावर: नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी

अर्ज भरायच्या आधी अभ्यासक्रमाची नियमपुस्तिका मिळवा आणि ती शेवटून वाचायला घ्या. विषयांची यादी सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच असते: तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, अभ्यासक्रम, मूल्यमापन, संशोधनपद्धती. खरी माहिती मागच्या पानांवर असते. लघुप्रबंध किती शब्दांचा? लेखी परीक्षा की नुसते निबंध? मुदतवाढ कोणत्या कारणासाठी मिळते? एखादं सत्र सोडून पुढच्या वर्षी परत येता येतं का? नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्याचं गाडं या उत्तरांवर चालतं नाहीतर अडतं. ‘अर्धवेळ’ म्हणजे काय तेही खोदून विचारा. कुठे त्याचा अर्थ संध्याकाळचे वर्ग, तर कुठे भर दुपारचेच, फक्त कमी दिवस. दुपारचे असतील तर आधी आपल्या मुख्याध्यापकांशी बोला, मग फी भरा. जुनी पदविका किंवा सेवेतली प्रशिक्षणं यांच्या बदल्यात श्रेयांक (क्रेडिट) मिळतात का, हेही आपण होऊन विचारावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या गाठीला वर्गातली पंधरा-वीस वर्षं आहेत. ते भांडवल मोठं आहे, पण विद्यापीठात ते जसंच्या तसं चालत नाही. आम्हा जुन्या शिक्षकांची एक खोड असते. चर्चेत कुणी काही मांडलं की ‘प्रत्यक्ष वर्गात असं होत नाही हो’ असं म्हणून मोकळं व्हायचं. त्यावर पुढे कुणी बोलूच शकत नाही. हेच वाक्य ‘माझ्या वर्गात वेगळं दिसलं, त्याचं कारण काय असेल?’ असं विचारा. सगळा तास त्याच्याभोवती फिरेल.

एक उदाहरण घ्या. प्रश्न विचारला आणि उत्तर लगेच आलं नाही, की आपण दुसऱ्याला उठवतो. हे कुठल्या शिक्षकाला ठाऊक नाही? मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून हा थांबण्याचा वेळ मोजला आणि १९७०च्या दशकात निष्कर्ष मांडले. शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबत होती आणि गप्प बसणारी मुलंही बोलत होती. आपण जे रोज पाहतो ते त्यांनी मोजलं. गुण असतात ते या मोजण्याला.

म्हणून प्रवेश मिळण्याच्या आधीपासूनच एक वही करा आणि तिच्यात तक्रारी लिहा. होय, तक्रारीच. स्टाफरूममध्ये बोलतो त्या. मग एकेका तक्रारीचा प्रश्न करत जा. माझ्या वहीत सुरुवातीला ‘मुलं हल्ली वाचत नाहीत’ असं होतं. मार्गदर्शक बाईंनी पेन्सिलीने तीन शब्द लिहिले: कोणती? काय? कशावरून? बरीच खाडाखोड झाल्यावर ते असं झालं: ‘सातवीच्या तासाला शिक्षक गोष्ट वाचून दाखवताना मध्येच थांबतो, तेव्हा मुलं कोणत्या प्रकारचे प्रश्न विचारतात?’ यात इयत्ता आहे, प्रसंग आहे, टिपून ठेवता येईल असं काहीतरी आहे, आणि मुख्य म्हणजे हे हातातल्या वेळात उरकतं. शिक्षणव्यवस्था सुधारण्याचं काम लघुप्रबंधाच्या बाहेर ठेवा.

आपल्याच वर्गात पाहणी करायची असेल, तर त्याला कृतिसंशोधन म्हणतात. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६च्या लेखात ते मांडलं आणि पुढे शिक्षकांनी ते आपलंसं केलं. सोयीचं आहे, पण संमतीचा प्रश्न इथेच अडतो. तुमच्या हातात ज्यांचे गुण आहेत ती मुलं तुम्हाला ‘नाही’ कशी म्हणणार? यावर चांगला तोडगा असा: संमतीपत्रं दुसऱ्या शिक्षकाने वाटायची, त्यानेच गोळा करायची आणि निकाल लागेपर्यंत बंद पाकिटात स्वतःजवळ ठेवायची. पालकांची सही हवीच, पण मुलालाही त्याला कळेल अशा भाषेत विचारायचं. जो नको म्हणेल तो वर्गात बसेल, शिकेल. त्याचं बोलणं फक्त तुमच्या नोंदीत येणार नाही. संशोधनात माणसांना त्रास होणार नाही ना, हे तपासणाऱ्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी हातात पडेपर्यंत एकही मुलाखत घेऊ नका. समितीचा अर्ज शंका काढून परत येतो, हे धरूनच वेळापत्रक आखा.

वाचन डोंगराएवढं असतं. शोधनिबंध पहिल्या ओळीपासून वाचायचा नसतो. आधी गोषवारा, मग शेवट, मग पद्धत; उपयोगाचा वाटला तरच बाकीचा. वाचून झाला की मिटा आणि न बघता तीन ओळी लिहा: म्हणणं काय, कुणाला विचारून, माझ्या प्रश्नाशी संबंध काय. ‘आता पूर्वीसारखं लक्षात राहत नाही’ म्हणणाऱ्यांनी तर हे करावंच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं होतं. (प्रयोग कॉलेजच्या पोरांवर केला होता. नुसतं वाचून तरुणही विसरतात, तेव्हा वयाची सबब पुढे करू नका.) अवतरण उतरवलं की पान क्रमांक तिथल्या तिथे टाका. संदर्भांच्या नोंदी ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे.

मुलाखती मोजक्याच ठेवा. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला चार-पाच तास सहज जातात. यंत्राकडून उतरवून घेतली तरी शब्दन् शब्द ताडून पाहावा लागतो, आणि मुलांचे आवाज कुठल्या सर्व्हरवर जातात हे समितीला सांगावं लागतं ते वेगळंच.

मार्गदर्शक वयाने लहान असतील. सर किंवा मॅडम म्हणायचं, विषय संपला. त्यांना अख्खं प्रकरण पाठवून ‘कसं वाटतं?’ असं विचारू नका. तीनच पानं पाठवा आणि सोबत दोन नेमके प्रश्न. भेट झाली की काय ठरलं ते त्याच संध्याकाळी मेलवर लिहून टाका, नाहीतर पुढच्या भेटीत दोघांना वेगवेगळं आठवतं.

वर्गातल्या तरुण मुलांशी मात्र पहिल्याच आठवड्यात दोस्ती करा. संशोधनासाठी शाळेत जायचं तर परवानगी कुणाकडे मागायची, परीक्षेच्या दिवसांत का जायचं नाही, चालू तासाला दार का ढकलायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. ते तुम्ही सांगा, आणि त्या बदल्यात संदर्भसूचीतले स्वल्पविराम त्यांच्याकडून तपासून घ्या.