हिवाळ्यातली टीम सप्टेंबरातच शोधा

कोल्हापुरात फुटबॉलची टीम निवडावी लागत नाही. पेठ कुठली, तालीम कुठली, एवढं विचारलं की विषय संपला. आमचा दादा पाटाकडीलचा, मामेभाऊ खंडोबाचा. शाहू स्टेडियमवर दोघांची मॅच असली की त्या दिवशी मामाकडून यायचा तांबड्या रश्श्याचा डबासुद्धा बंद. त्यामुळे न्यू जर्सीत लेकीला हिवाळ्यातल्या टीममध्ये घालायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, फॉर्म भरायचा, पैसे भरायचे, बूट घ्यायचे, झालं. पहिल्या वर्षी आम्ही ट्रायआउटच्या (निवड चाचणीच्या) दारातूनच परत आलो. दुसऱ्या वर्षी पाहुणी खेळाडू म्हणून चार सामने मिळाले. तिसऱ्या वर्षी, म्हणजे 2025 च्या दिवाळीत, एकदाची जागा मिळाली. दर ऑक्टोबरात कुणी ना कुणी मराठी आई मला फोन करून हेच सगळं विचारते, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आमच्याकडे मुलांचा मैदानी फुटबॉल (इथले लोक सॉकर म्हणोत, मी फुटबॉलच म्हणणार) दोन तुकड्यांत चालतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरचा मध्य, मग एप्रिल ते जून. मधले महिने मैदान गोठलेलं, आणि पाच वाजता अंधार. याच काळात हॉलमध्ये, घुमटाखालच्या टर्फवर (कृत्रिम गवतावर) किंवा शाळेच्या जिममध्ये हिवाळी लीग चालतात. कॅलिफोर्निया, फ्लोरिडावाल्यांनी माझे महिने तसेच्या तसे उचलू नयेत. तिथं हायस्कूलचा हंगामच हिवाळ्यात असतो, म्हणजे मोकळे महिने वेगळे.

गावच्या रेक टीममध्ये नाव घातलं की प्रत्येकाला घेतात आणि प्रत्येकाला खेळवतात. ट्रॅव्हल किंवा क्लब टीम निवडून घेते, आणि निवडलं म्हणजे खेळवेलच असं नाही. हा फरक मुलांना आधी सांगा. माझ्या लेकीला मी सांगितला नव्हता, आणि पाहुणी म्हणून गेलेल्या पहिल्या सामन्यात ती अर्धा तास बाकावर बसून माझ्याकडे बघत होती.

आता खरी गोष्ट. हिवाळी टीममधली जागा ट्रायआउटच्या दिवशी मिळते असं आपण समजतो. तसं फार क्वचित होतं. कोचकडे शरद ऋतूतली त्याची टीम असतेच. त्यातली एखादी बास्केटबॉलला जाते, एखादी स्कीइंगला, एखादीच्या आईबाबांना रविवारी पहाटे उठायचं नसतं. अशा दोन-तीन जागा रिकाम्या होतात, आणि त्या भरताना कोचला आधीपासून माहीत असलेली मुलगी आठवते. ट्रायआउटला पंचवीस मुली आल्या तरी झुंज त्या दोन-तीन जागांसाठीच. तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आधीच येऊन जायचं. सप्टेंबरच्या मध्यात.

कसं? ईमेल. पाच ओळींच्या वर नको. मुलीचं नाव आणि जन्मतारीख, सध्या कुठल्या टीममध्ये, कुठल्या जागेवर खेळते, कुठला पाय चांगला, आठवड्यातले कुठले दिवस मोकळी. शेवटी एकच विनंती: एखाद्या दिवशी तुमच्या सरावाला येऊन खेळली तर चालेल का? आमचं ईमेल लेकीने स्वतः लिहिलं, मी फक्त स्पेलिंग बघितलं. ‘डावा पाय बरा आहे पण उजव्याइतका नाही’ हे तिचं वाक्य मी खोडणार होते, ते राहिलं, आणि कोचने उत्तरात नेमकं त्याच वाक्याबद्दल विचारलं. आपल्या लोकांना असं स्वतःहून लिहायचा संकोच वाटतो, कुणीतरी ओळख काढून द्यावी असं वाटतं. इथं ओळख लागत नाही. मी चार कोचना लिहिलं; दोघांनी उत्तर दिलं, एकाने बोलावलं. एक पुरे असतो.

सरावाला बोलावणं आलं की पुढची पायरी गेस्ट प्लेअर, म्हणजे पाहुणी खेळाडू. एखाद्या सामन्याला मुली कमी पडतात, तेव्हा बाहेरच्या मुलीला तात्पुरतं घेतात. निरोप शनिवारी रात्री नऊला येतो, सामना रविवारी सकाळी. नाही म्हणू नका. दुसऱ्या हिवाळ्यात आम्हाला चार सामने असेच मिळाले, आणि तिसऱ्या वर्षीची जागा त्याच चार सामन्यांवर आली.

तुमची मुलगी आधीच दुसऱ्या क्लबात असेल तर तिथल्या कोचला न सांगता हे करू नका. हिवाळ्यात दुसरीकडे खेळायला बरेच क्लब हरकत घेत नाहीत, पण बाहेरून कळलं की तोंड वाकडं करतात. शिवाय प्लेअर कार्डाचा, म्हणजे संघटनेकडे नोंदणी केल्याच्या ओळखपत्राचा, प्रश्न असतो. यूएस यूथ सॉकर या संघटनेचं कार्ड वेगळं, यूएस क्लब सॉकर या संघटनेचं वेगळं, आणि खेळाडूचा विमाही अशा नोंदणीमागूनच येतो. ‘या लीगला कुठलं कार्ड चालतं आणि विमा कुणाचा?’ हा प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारायचा. जन्मदाखल्याची किंवा पासपोर्टची प्रत आणि एक फोटो फोनमध्ये काढून ठेवा. डोक्याला मार लागल्यावर काय करायचं याच्या माहितीपत्रावर सही मागतात, ते वाचून सही करा.

वयोगटाचा घोळ मात्र या वर्षी सगळ्यांनी नीट समजून घ्यायला हवा. आतापर्यंत गट जन्मवर्षावर, जानेवारी ते डिसेंबर असा पडायचा. 2026-27 च्या हंगामापासून या मोठ्या संघटनांनी तो 1 ऑगस्ट ते 31 जुलै असा केला आहे, म्हणजे साधारण शाळेच्या वर्गाप्रमाणे. माझी लेक सप्टेंबर 2014 ची. जुन्या हिशेबात ती 2014 च्या गटात शेवटून चौथ्या महिन्याची, जानेवारीत जन्मलेल्या मुली तिच्यापेक्षा वीतभर उंच. नव्या हिशेबात ऑगस्ट 2014 ते जुलै 2015 हा तिचा गट, म्हणजे ती आता थोरल्यांत, आणि यू-12 मध्ये (बारा वर्षांखालच्या गटात) आणखी एक वर्ष. ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या सगळ्या मुलांचं असंच होणार. टीम्स फुटतील, नव्याने जुळतील, जागा रिकाम्या होतील. हिवाळी लीग कुठला हिशेब धरते ते त्या त्या लीगला विचारा, गृहीत धरू नका.

आता बूट. पहिल्या वर्षी आम्ही दारातून परत आलो ते यामुळेच. ट्रायआउट शाळेच्या जिममध्ये होतं, लाकडी फरशी, आणि लेकीच्या पायात मैदानावरचे खिळ्यांचे क्लीट्स. दारातल्या बाईंनी खाली बघितलं आणि मान हलवली. ईमेलमध्ये ‘फ्लॅट्स’ लिहिलेलं मी वाचलं होतं. मला वाटलं साधे, महागडे नकोत असं म्हणताहेत! तर जिमच्या फरशीवर सपाट रबरी तळाचे इनडोअर शूज, ज्यांचे डाग पडत नाहीत ते. कृत्रिम गवतावर बारीक गोट्यांचे टर्फ शूज. शिनगार्ड (नडगीवर बांधायचे) दोन्हीकडे लागतात. मुलांचे पाय चार महिन्यांत वाढतात, म्हणून मी वापरलेले बूट विकणाऱ्या दुकानातून घेते आणि मार्चमध्ये तिथंच परत देऊन येते.

ट्रायआउटआधी एक गोष्ट विचाराच: टीम फुटसाल खेळणार की भिंतींचा इनडोअर? दोन्ही छताखाली, पण खेळ निराळे. भिंतींच्या खेळात चेंडू आपटून परत येतो, धांदल जास्त. फुटसालमध्ये गोलकीपरसकट पाचजण, बाजूला नुसती रेघ, चेंडू बाहेर गेला तर हाताने फेकायचा नाही, पायाने आत ढकलायचा, आणि तोही चार सेकंदांत. एका डावात टीमचे पाच फाऊल झाले की सहाव्यापासून समोरच्यांना थेट गोलवर किक, आणि ती अडवायला खेळाडूंची रांग उभी करता येत नाही.

आणि तो चेंडू. हातात घेतल्यावर कळतं. चार नंबरचा, पण वाळू भरल्यासारखा जड वाटतो. नियमाप्रमाणे दोन मीटरवरून सोडला तर पहिला टप्पा 50 ते 65 सेंटिमीटरच घ्यायला हवा. उसळतच नाही, पायाशी बसून राहतो. म्हणून तो पायाच्या आतल्या कडेने नाही, तळव्याने थांबवायचा. लेकीला हे जमायला महिना लागला. आमच्या तळघरात धुण्याच्या मशीनशेजारी दीड मीटर भिंत मोकळी आहे. तिथं रोज दहा मिनिटं: भिंतीवर मारायचा, परत आला की तळव्याखाली दाबायचा, तळव्यानेच मागे ओढायचा, वळायचं, दुसऱ्या पायाने भिंतीवर. पहिले काही दिवस चेंडू तिच्या पायाखालून सुटून साबणाच्या डब्यावर जायचा. मग एका संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत असताना आवाजच बदलला. ठप्प, सर्रर्र, ठप्प. मान वर करून बघितलं तर ती चेंडूकडे बघतही नव्हती, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. ट्रायआउटला मान वर असलेली मुलगी आणि चेंडूत डोकं घातलेली मुलगी हा फरक कोचला पहिल्या पाच मिनिटांत दिसतो, हे मला तिच्याच कोचने सांगितलं.

हेडिंगचा, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याचा, सराव करून घेऊ नका. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते बंदच आहे, अकरा ते तेरामध्ये सरावातही मोजून-मापून. आमच्या दादाला हे सांगितल्यावर तो फोनवर हसतच सुटला.

ट्रायआउटचा दिवस खरं तर सोपा. आमचा पाडव्याच्या संध्याकाळी आला. ओवाळणी दुपारीच उरकली आणि गाडीत डब्यातून चकल्या. वीस मिनिटं आधी पोचा. आकडा लिहिलेली पातळ पिनी अंगावर चढवायला देतात, थोडे पासिंगचे प्रकार, मग चारास चार असे छोटे सामने. कोच गोल मोजत नाहीत. चेंडू गेल्यावर मुलगी काय करते ते बघतात. कंबरेवर हात ठेवून उभी राहते की चेंडूमागे परत पळते? मागते का, ओरडून सांगते का? आपल्या मुली घरी आकाशपाताळ एक करतात आणि मैदानात गप्प. लेकीला मी एकच सांगितलं होतं, प्रत्येक पासला जिला देतेस तिचं नाव घे, नाव माहीत नसेल तर रंग घे. आणि तुम्ही? पलीकडच्या बाजूला जाऊन बसा. तिथून मराठीत सूचना दिल्या तरी कोचला कळतातच. नवऱ्याला मी कॉफी आणायला पाठवलं होतं.

होकार आला की बरेचदा एक-दोन दिवसांत उत्तर मागतात. घाईत हो म्हणायच्या आधी तीन गोष्टी विचारा. रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, किती मुली? पाचजणांच्या खेळाला बारा-तेरा मुली असतील तर ती टीम सोडा, कितीही मोठं नाव असो. सरावाला कोच तोच असतो का, की दर आठवड्याला नवा? आणि पैशांत काय काय धरलंय? आम्हाला दहा सामन्यांचे 260 डॉलर सांगितले होते. जर्सीचे 70 आणि रेफ्रीचे 40 नंतर आले. आर्थिक मदत अनेक क्लबांत असते, पण फॉर्मवर शोधून सापडत नाही, विचारावी लागते. विचारण्यात कमीपणा नाही; माझ्या एका मैत्रिणीला विचारल्यावर निम्मी फी माफ झाली.

वेळापत्रकाचं एक दुखणं आपल्याच लोकांचं आहे. सामने बहुतेक रविवारी, आणि मराठी शाळाही रविवारी. आम्ही शाळेच्या ताईंना डिसेंबरातच सामन्यांचा तक्ता दिला. दोन रविवार ती उशिरा गेली, एक रविवार सामना सोडला, कारण त्या दिवशी तिची गोष्ट सांगायची पाळी होती. कोचला तीन आठवडे आधी कळवलं होतं, तो काही बोलला नाही. आदल्या रात्री कळवलं असतं तर बोलला असता.

आणि सगळे दिवस भरून टाकू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी आणि वर्षात दोन-तीन महिने त्या खेळापासून लांब राहायला सांगते. हिवाळा खेळलात तर ते महिने दुसरीकडून काढायला लागतात. आमच्याकडे जुलै-ऑगस्ट. तेव्हा ती कोल्हापुरात आजीकडे असते. पावसाच्या चिखलात दादासोबत चेंडू लाथाडते, पण त्याला आम्ही खेळ धरत नाही.

एक राहिलं. बर्फ पडला की सामना रद्द झाल्याचा निरोप टीमच्या ॲपवर येतो, ईमेलवर नाही. सकाळी सहाला ॲप बघा, मगच मुलीला उठवा. मी एकदा उलट केलं होतं. साडेसातला बंद हॉलसमोर गाडीत बसून आम्ही दोघींनी थर्मासमधला सगळा चहा संपवला.