आरओची मेंब्रेन लवकर जाऊ नये म्हणून

पावसाळा सुरू झाला की आधी आरओच्या बाहेर लावलेला प्रीफिल्टर बघा, नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा आतली पांढरी कँडल बघता बघता चॉकलेटी होते आणि मग पाण्याला प्रेशरच मिळत नाही. ही कँडल स्वस्त असते आणि घरी बदलता येते. मशीनचा प्लग काढा, नळ बंद करा, पान्याने प्रीफिल्टरचा बाउल (कँडल असते तो डबा) उघडा, धुवा, नवीन कँडल टाका, रबरी रिंग नीट बसली का ते बघा नाहीतर रात्रभर पाणी ठिबकत राहतं.

पण खरं लक्ष द्यायचं ते कार्बन फिल्टरकडे, आणि लोक नेमकं तिथेच पैसे वाचवतात. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, कार्बन ते अडवतो, तो संपला की क्लोरीन थेट मेंब्रेनवर (पाण्यातले क्षार अडवणाऱ्या आतल्या पातळ पडद्यावर) जातं आणि ती हळूहळू खराब होते, आणि मेंब्रेनच तर सगळ्यात महाग!! म्हणून कार्बन वेळेवर बदलाच.

मेंब्रेन बदला असं कोणी सांगितलं तर आधी साध्या टीडीएस मीटरने नळाचं आणि फिल्टरचं पाणी दोन्ही मोजा, दर महिन्याला आकडे लिहून ठेवले तर फिल्टरचा आकडा चढायला लागलेला लगेच कळतो. (मीटर फक्त क्षार दाखवतो हां, जंतू नाही, त्यामुळे जंतू मारणारा यूव्हीचा दिवा लागतोय का ते वेगळं बघायचं.)

गावाला बरेच दिवस जाऊन आलात तर टाकीतलं जुनं पाणी पूर्ण काढून टाका आणि पहिली भरलेली टाकी भांड्यांना वापरा.