तीन कात्रणं म्हणजे तीन बाजू नव्हेत

समाजशास्त्राच्या तासाला परदेशी बातम्या घेताना नवख्यांची फजिती हमखास एकाच ठिकाणी होते. तीन देशांतल्या वृत्तपत्रांतून एकाच घटनेची कात्रणं काढायची आणि मुलांना म्हणायचं, "तुलना करा." मुलं वाचतात आणि सांगतात, "तिन्हींत सारखंच आहे, म्हणजे खरंच असणार." इथे तास हातातून निसटतो.

सारखं असतं, कारण मजकूर एकाच हातचा असतो. परदेशात वार्ताहर ठेवणं महाग पडतं. म्हणून कितीतरी दैनिकं रॉयटर्स, एपी किंवा एएफपी या आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थांची बातमी घेतात, मथळा बदलतात आणि जागेनुसार शेपूट छाटतात. कात्रणं तीन, साक्षीदार एक! त्यामुळे बातमीदाराच्या नावाची जागा, स्थळ-तारखेची ओळ आणि बातमीचा शेवट, तिन्हीकडे वृत्तसंस्थेचं नाव शोधा. नाव नसेल तर बातमीतलं एक वाक्य अवतरणचिन्हांत टाकून इंटरनेटवर शोधा. मात्र मंत्र्याचं किंवा प्रवक्त्याचं विधान घेऊ नका. पत्रकार परिषदेतलं बोलणं वीस वार्ताहर वेगवेगळे ऐकून छापतात. बातमीदाराचं स्वतःचं निवेदन घ्या. तेच शब्द पाच ठिकाणी सापडले, तर उगम बहुधा एक. अनुवादित बातमीत ही युक्ती चालत नाही, तिथे परिच्छेदांचा क्रम जुळतो का ते बघा.

खऱ्या तीन बाजू हव्यात तर आधी घटनेत कुणाकुणाचं काय अडकलंय ते लिहून काढा. सुएझ कालव्यात अडकलेलं एव्हर गिव्हन हे मालवाहू जहाज घ्या. 400 मीटर लांबीचं हे जहाज 23 मार्च 2021 ला आडवं रुतलं आणि 29 मार्चला सुटलं. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, झेंडा पनामाचा, खलाशी भारतीय, माल निघालेला रॉटरडॅमला, कालवा इजिप्तचा. आता इजिप्त, जपान आणि भारतातली कात्रणं काढा. कुणाला कालव्याच्या उत्पन्नाची काळजी, कुणाला भरपाईची, कुणाला खलाशांची, हे मुलांना न सांगता दिसतं. जहाज सुटल्यावर थांबू नका. भरपाईच्या वादात इजिप्तनं ते जुलैपर्यंत अडकवून ठेवलं होतं, आणि जागतिकीकरणाचा धडा खरा तिथेच आहे.

40 मिनिटांच्या तासाला 400 शब्दांची बातमी पुरे. दहा मिनिटं मूक वाचन, पंधरा मिनिटं रंगकाम: अधिकारी, कंपनी, तज्ज्ञ आणि प्रत्यक्ष झळ बसलेली माणसं, यांच्या बोलण्याला वेगवेगळे रंग. कोणता रंग उमटलाच नाही, यावर उरलेली चर्चा. "तुझं मत काय?" हा प्रश्न सुरुवातीला नको, मुलं बातमी सोडून घरी ऐकलेलं बोलायला लागतात.

बातमी लांब असेल तर शेवटून कापू नका. ताजं वर आणि पार्श्वभूमी खाली, अशी बातमीची रचना असते, आणि आपल्याला हवा असलेला इतिहास नेमका तळाशी असतो. मधल्या प्रतिक्रिया उडवा.

प्रत्येक कात्रणावर तारीख घाला, शक्य असेल तर वेळही. 24 एप्रिल 2013 ला बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, त्या दिवशीच्या बातम्यांतला मृतांचा आकडा आणि अखेरचा 1,100 हून अधिकचा आकडा शेजारी ठेवले की मुलं म्हणतात, "आधी खोटं छापलं." खोटं नव्हे, तेवढ्या तासापुरतं खरं होतं. हा फरक समजायला अख्खा तास गेला तरी जाऊ द्या.

"रोज सकाळी पाच हेडलाइन वाचून घ्या" असा सल्ला देणारे अनुभवी लोक भेटतील. ऐकून घ्या आणि सोडून द्या. ती सामान्यज्ञानाची तयारी झाली. एकच घटना तीन आठवडे पुरवणं बरं. तयार कार्यपत्रिकाही जपून वापरा, त्यांत उत्तरं आधीच ठरलेली असतात.

कात्रणांच्या पहिल्या संचाला दोन-तीन संध्याकाळी जातात, त्यानं खचू नका. ताजी बातमीच हवी असंही नाही. शेवट माहीत असलेली जुनी घटना शिकवायला सोपी जाते आणि संच पुढच्या वर्षीही चालतो. फक्त बातम्यांची पानं त्याच दिवशी जतन करून ठेवा. संकेतस्थळांवरचा मजकूर मागाहून बदलतो आणि दुवेही मरतात.