बडोद्यात घर घेताय किंवा बांधताय? पुराच्या बाबतीत या चुका टाळा

2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी काळा घोड्याच्या पुलापाशी 37 फुटांवर गेली तेव्हा आमच्याकडे पाणी रस्त्यावरून आलंच नाही, आधी बाथरूमच्या जाळीतून आलं. काळं, वास मारणारं. आईने जाळीवर पोतं टाकून वर पाटा ठेवला, तर बाजूने बुडबुडे यायला लागले आणि तासाभरात देवघराची खालची पायरी पाण्यात. आमचं घर नदीपासून चांगलं लांब आहे, मधे दोन मोठे रस्ते आहेत, हेच बघून बाबांनी ते घेतलं होतं. आजही घर बघायला जाणारे बहुतेक लोक हेच बघतात, म्हणून तिथूनच सुरू करतो.

"नदी लांब आहे" यावर जाऊ नका

अंतर नाही, लेव्हल विचारा. नदी फुगली की तिला मिळणाऱ्या कांसांचं, म्हणजे नैसर्गिक नाल्यांचं, पाणी पुढे जायला जागाच राहत नाही, ते मागे तुंबतं, उलटं चढतं, आणि ड्रेनेजच्या लाइनमधून थेट घरात येतं. त्यामुळे भूखी कांस किंवा दुसरी कुठलीही कांस जवळ असेल तर नदी जवळ आहे असंच समजा. आणि आपल्या नदीचं पाणी येतं पावागडच्या बाजूने, आजवा, प्रतापपुरा हे तलाव भरले की तिकडचं पाणी खाली यायला वेळ लागतो, म्हणजे शहरात पाऊस थांबल्यावरसुद्धा पाणी वाढतं. लोक पाऊस थांबला म्हणून माळ्यावरचं सामान खाली आणतात आणि रात्री सगळं परत भिजतं.

ब्रोकरला "इथे पाणी येतं का?" विचारून उपयोग नाही. समोरच्या किराणावाल्याला, इस्त्रीवाल्याला विचारा, 2019ला कुठपर्यंत होतं आणि 2024ला कुठपर्यंत, दोन्ही विचारा. जिन्याखालची भिंत, मीटरची पेटी, लिफ्टचा खड्डा बघा. फक्त कमरेपर्यंतच नवा रंग दिसला तर थांबा आणि का दिलाय ते विचारा.

सगळा प्लॉट भराव टाकून उचलणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती करणाऱ्याला कधीच कळत नाही कारण भोगतो दुसरा. आमच्या मागे एक सखल रिकामी जागा होती, दर पावसाळ्यात तिथे आठ आठ दिवस पाणी साचायचं, बगळे यायचे. मग तिथे बांधकामाची स्कीम आली, महिनाभर डंपरने मुरूम पडला आणि जमीन आमच्या ओट्याच्या वर गेली. पुढच्याच मोठ्या पावसात ते सगळं पाणी आमच्या गल्लीत. हिशोब साधा आहे, 1000 चौरस मीटरचा प्लॉट 1 मीटर उचलला तर 1000 घनमीटर, म्हणजे 10 लाख लिटर पाण्याची जागा गेली, 10,000 लिटरचे 100 टँकर. ते पाणी नाहीसं होत नाही हो, शेजारच्या स्वयंपाकघरात जातं. मग शेजारीपण पुढच्या वर्षी भराव टाकतो, आणि असं करत करत जो सगळ्यात गरीब, ज्याला उचलणं परवडत नाही, त्याच्या घरात सगळ्यांचं पाणी.

मग बांधायचं कसं? आवार खालीच राहू द्या, फक्त घर उचला. खांबांवर घ्या, खाली पार्किंग उघडं ठेवा, म्हणजे पाणी येईल आणि जाईल. जोतं पुराच्या रेघेपेक्षा निदान 0.6 मीटर वर हवं, आणि बैठं घर असेल तर गच्चीवर जायला जिना हवाच, या दोन्ही गोष्टी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 2008च्या पुराच्या मार्गदर्शिकेत आहेत. कंपाउंडची भिंत कांसेच्या बाजूला सलग बांधू नका, खाली जाळ्या ठेवा. आणि कांस "बंद करून पाइप टाकू, वरती रस्ता मिळेल" असं कुणी मीटिंगमध्ये म्हणालं तर विरोध करा, पाइपात एक गादी अडकली तरी पूर्ण गल्ली बुडते.

रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी) आहे म्हणजे पाणी येणार नाही, असं धरणं

रजाचिठ्ठीने बांधकाम कायदेशीर ठरतं, कोरडं राहील याची हमी ती देत नाही. महाराष्ट्रातले नातेवाईक निळी रेषा, लाल रेषा म्हणतात ना, म्हणजे 25 वर्षांच्या पुराची आणि 100 वर्षांच्या पुराची, तशी रेषा नकाशावर असली की कुठे बांधायचंच नाही हे आधीच ठरतं. केंद्रीय जल आयोगाने पूरमैदानासाठी, म्हणजे पुराचं पाणी पसरतं त्या जमिनीसाठी, कायद्याचा नमुना 1975लाच राज्यांना पाठवला होता, कायदा केला मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्याच राज्यांनी. त्या विचारात हॉस्पिटल, वीज, पाणीपुरवठा 100 वर्षांच्या पुराच्या वर, घरं 25 वर्षांच्या पुराच्या वर आणि बागा, मैदानं खाली. आणि "25 वर्षांचा पूर" म्हणजे 25 वर्षांनी एकदा येणारा असं नाही, दर वर्षी 4 टक्के शक्यता. 30 वर्षांचं होम लोन फिटेपर्यंत तो एकदा तरी येण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या आसपास जाते. हा आकडा घर घेताना कुणी सांगत नाही.

बेसमेंटबद्दल थोडक्यात, सखल भागात नकोच. मीटर, पॅनल, पंप तळमजल्यावर खाली ठेवू नका.

पूर ओसरल्यावर तक्रार करणं

तोपर्यंत भिंती उभ्या असतात. गुजरातच्या 1976च्या टाउन प्लॅनिंग कायद्यात विकास आराखड्यावर हरकत द्यायला 2 महिने आणि टीपी स्कीमच्या (एकेका भागाच्या नगररचना योजनेच्या) मसुद्यावर 1 महिना मिळतो, तेवढ्यातच लेखी द्यावं लागतं. मागच्या जागेच्या वेळी आम्ही फक्त एकमेकांशी बोलत बसलो आणि मुदत निघून गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. हरकतीत नुसतं "पाणी येतं" लिहू नका, तारखेचे फोटो लावा, भिंतीवरची रेघ टेपने मोजून फुटात लिहा, जमीन आधी सखल होती हे दाखवणारा जुना सॅटेलाइट फोटो जोडा आणि पोच घ्या.

घर आधीच बांधलेलं असेल तर ड्रेनेजच्या बाहेर जाणाऱ्या लाइनवर नॉन रिटर्न व्हॉल्व (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवा, पण तो चेंबरमध्ये हात पोचेल असा हवा आणि जूनच्या आधी उघडून साफ करायचा, नाहीतर कचरा अडकून झडप उघडीच राहते. आमच्या सोसायटीने मीटर पाच फुटांवर घेतले, आणि 2024ची रेघ गेटच्या खांबावर ऑइल पेंटने तारखेसकट काढून ठेवलीय, नवीन कोणी घर बघायला आलं की वॉचमन आधी तीच दाखवतो.